पिंपातला बुळबुळीत थर



पिण्याच्या पाण्याचे पिंप रिकामे करून आतून बोट फिरवले, तर बोटाला बुळबुळीत लागते. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पाणीही नितळ असते. पण बोट खोटे बोलत नाही. माठाच्या तळाशी, नळाच्या तोटीत, मोरीच्या जाळीखाली आणि सकाळी उठल्यावर आपल्याच दातांवर हाच बुळबुळीतपणा आढळतो. वस्तीत आरोग्याच्या कामानिमित्त फिरताना आम्हांला माता-भगिनींकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : "दादा, पिंपात आम्ही पावडर टाकतो, तरी हे बुळबुळीत जात का नाही?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर नीट समजले तर दात, जुनी जखम आणि रस्त्यावरचे गटार यांच्याविषयीही पुष्कळ उलगडा होतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी कारकुनी करणारे. जंतुशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तरी वाचून आणि जाणकारांना विचारून जे समजले, ते या आठवड्यात आपल्या सोप्या भाषेत मांडत आहोत.

कापडाच्या दुकानदाराने काय पाहिले?

या थराला शास्त्रज्ञ 'बायोफिल्म' म्हणतात. म्हणजे सजीवांचा पातळ पापुद्रा. हे नाव अलीकडचे असले, तरी असा थर भिंगाखाली पाहणारा माणूस तीनशे वर्षांपूर्वीचा आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी अँटनी व्हान लीवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. तो ना कॉलेजात गेला होता, ना त्याला त्या काळच्या विद्वानांची लॅटिन भाषा येत होती. पण भिंगे घासण्याचा त्याला नाद होता. १६८३ साली त्याने आपल्याच दातांच्या फटीतला पांढरा लगदा खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे असंख्य जीव पाहिले. हा माणूस रोज मिठाने दात घासत असे, तरी ही स्थिती! हे सारे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले.

पुढे त्याने आणखी एक गोष्ट टिपली. सिरक्याने चूळ भरली, तर लगद्याच्या बाहेरच्या अंगाचे जीव तेवढे मरतात. आतल्यांपर्यंत सिरका पोचत नाही. पिंपाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका निरीक्षणात आहे.

यानंतर शास्त्र पुढे गेले, पण प्रयोगशाळेत जंतू वाढवले गेले ते बहुतेक बाटलीतल्या पातळ द्रवात, सुटे पोहणारे. औषधांची परीक्षा झाली तीही या पोहणाऱ्या जंतूंवर. निसर्गात मात्र बहुसंख्य जंतू कशाला तरी चिकटून, घोळक्याने राहतात. ही गोष्ट जगापुढे ठासून मांडण्याचे मोठे श्रेय कॅनडाचे बिल कॉस्टरटन यांना जाते. डोंगरातल्या निर्मळ ओढ्यांत त्यांना वाहत्या पाण्यात जंतू थोडेच मिळाले, पण त्याच पाण्यातल्या दगडांवर ते दाट थराने बसलेले होते. १९७८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याविषयी लिहिले आणि या विषयाला जोर आला. हेच कॉस्टरटन तरुणपणी पंजाबातील बटाला येथील कॉलेजात विज्ञान शिकवत होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

बिऱ्हाड कसे थाटले जाते?

आता हा थर बसतो कसा, ते पाहू.

पहिली पायरी. भांडे धुऊन त्यात पाणी भरले की, पाण्यात विरघळलेले सेंद्रिय कण भांड्याच्या अंगाला लागतात. दातांवर लाळेतील पदार्थांचा असाच पापुद्रा घासल्यानंतर काही मिनिटांतच बसतो. अजून जंतू आलेला नसतो, फक्त त्याच्यासाठी जागा सारवून तयार झालेली असते.

दुसरी पायरी. पाण्यात पोहणारा एखादा जंतू तेथे टेकतो. हा जंतू इतका बारीक की, एका मिलिमीटरच्या रेघेवर असे सुमारे हजार जण शेजारी शेजारी बसतील. पहिल्यांदा तो सैल बसलेला असतो. जोराचा प्रवाह आला तर सुटून जातो. पण थोडा वेळ मिळाला की, आपल्या अंगावरच्या केसांसारख्या धाग्यांनी तो घट्ट धरून बसतो.

तिसरी पायरी महत्त्वाची. बसलेला जंतू आपल्या अंगातून चिकट पदार्थ बाहेर टाकू लागतो. त्यात साखरेच्या लांब साखळ्या असतात, प्रथिने असतात. आपल्या हाताला लागते ते बुळबुळीत हेच. बहुतेक थर सुकवून वजन केले, तर जंतूंचे वजन दहा टक्केही भरत नाही. बाकी सगळे या चिकट बांधकामाचे असते. म्हणजे भाडेकरू थोडे आणि भिंतीच फार! या बांधकामात जंतूंची संख्या वाढते, दुसऱ्या जातींचे जंतू येऊन मिळतात. मधून मधून पाणी खेळायला पोकळ्या राहतात. त्यांतून आतल्यांना अन्न पोचते आणि टाकाऊ पदार्थ बाहेर जातो.

हे जंतू एकमेकांना निरोपही देतात. तोंडाने नव्हे, रसायनाने. प्रत्येक जण थोडे रसायन सोडतो. गर्दी वाढली की रसायनाचे प्रमाण वाढते आणि आता आपण पुरेसे जमलो, असा सगळ्यांना इशारा मिळतो. १९९८ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोपाचे रसायन बनवता न येणारे जंतू घेतले, तर त्यांचा थर सपाट झाला, त्याला नीट घडण आली नाही आणि साबणासारख्या रसायनाने तो सहज सुटला. निरोप होता म्हणून बांधकाम पक्के होते.

चौथी पायरी. थर भरला की त्यातले काही जंतू सुटे होतात किंवा थराचा तुकडाच निघतो, आणि पाण्याबरोबर जाऊन दुसरीकडे नवे बिऱ्हाड थाटतो. पिंपाच्या अंगावरचा थर आपल्या पेल्यात येतो तो असा.

सगळेच थर रोग देतात असे मुळीच नाही. पाण्यातले बहुतेक जंतू निरुपद्रवी असतात. पण घाणेरड्या हाताने वा बाहेरून आलेल्या पाण्याने रोगाचा जंतू पिंपात शिरला, तर या थरात त्याला आयता आसरा मिळतो.

वरून ओतलेले औषध आत का पोचत नाही?

ब्लिचिंग पावडरीतला क्लोरीन जंतू मारतो, हे खरेच आहे. पण तो ज्या ज्या सेंद्रिय पदार्थाला भेटतो त्याच्याशी झगडण्यात खर्च होतो. थराच्या वरच्या चिकट पदार्थाशी लढता लढताच त्याचा जोर संपतो. आत पोचेपर्यंत शिलकीत काही उरत नाही, मग आतले जंतू मरणार कसे?

प्रतिजैविक औषधांचे, म्हणजे अँटिबायोटिक गोळ्यांचे, असेच होते. त्यातली बरीच औषधे वाढणाऱ्या जंतूला मारतात. थराच्या तळाशी प्राणवायू व अन्न कमी. तेथले जंतू जणू झोपून असतात. झोपलेल्यावर औषध चालत नाही. सुट्या जंतूंना पुरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट, काही वेळा हजार पटीपर्यंत औषध थरातले जंतू सोसतात, असे आढळले आहे. एवढे औषध माणसाच्या शरीरात घालता येत नाही.

म्हणून सगळीकडे एकच नियम लागू पडतो : आधी घासून थर मोडा, मग औषध वापरा.

दातांचे पाहा. दातांवरच्या थरातील काही जंतू साखरेपासून चिकट पदार्थ बनवून घट्ट बसतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दात किडतो. थर तसाच राहिला तर काही दिवसांत त्यात क्षार बसतात आणि ते कीट दगडासारखे होते. मग ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडेच जावे लागते. नुसत्या चुळा भरून किंवा रंगीत औषधाने तोंड खळबळवून भागणार नाही. ब्रश फिरला पाहिजे, आणि रात्री झोपण्यापूर्वी तर फिरलाच पाहिजे. मिसरी, तंबाखू लावून दात घासल्याचे समाधान मानणाऱ्या आमच्या आयाबायांना हात जोडून विनंती आहे की, तंबाखूने दातांचे रक्षण होत नाही. हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण मिळते.

जखमेचे पाहा. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जखम महिनोन् महिने भरत नाही. घरचे म्हणतात, "डॉक्टर जखम खरवडतात, माणूस ओरडतो, त्यापेक्षा मेडिकलमधून भारी गोळी आणू." अशा जुनाट जखमा तपासल्या, तेव्हा बहुसंख्य जखमांत हा थर सापडला. डॉक्टर खरवडतात ते मेलेली कातडी आणि हा थर काढण्यासाठी. खरवडले नाही तर गोळी कितीही भारी असो, ती वरच्या वर राहते, आणि मग पाय कापण्याची पाळी येते. ड्रेसिंग चुकवू नका, अर्ध्यावर सोडू नका. लघवीसाठी नळी घातलेल्या रुग्णाची नळी डॉक्टर बदलतात किंवा लवकर काढतात, त्याचेही कारण हेच. नळीच्या आतबाहेर थर बसतो आणि त्यातून ताप येतो. नळी बदलली म्हणजे दवाखाना पैसे उकळतो, असा ग्रह करून घेऊ नये.

हाच थर उपकारही करतो

एका बाजूनेच बोलणे बरे नाही. जर्मनीत एल्बे नदीकाठी हॅम्बुर्ग आणि अल्टोना ही दोन शहरे एकमेकांना लागून होती. इतकी की, काही ठिकाणी मधला रस्ता हीच सीमा. १८९२ साली तेथे पटकीची साथ आली. हॅम्बुर्ग नदीचे पाणी न गाळता नळांना सोडत असे. गाळणी बांधण्याचे काम खर्चाच्या वादात वर्षानुवर्षे रेंगाळले होते. अल्टोना तर हॅम्बुर्गच्या सांडपाण्याच्याही खालच्या अंगाचे, म्हणजे अधिक घाण पाणी घेत असे, पण ते वाळूच्या मोठ्या गाळणीतून हळूहळू गाळून देत असे. हॅम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० माणसे मेली, त्यात दाटीवाटीच्या गल्ल्यांत राहणारे गरीब फार. अल्टोना जवळजवळ वाचले.

ही करामत नुसत्या वाळूची नव्हती. वाळूच्या वरच्या अंगावर काही दिवसांत जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. तो थर पाण्यातले रोगजंतू अडकवतो आणि त्यांतले सूक्ष्म जीव ते खाऊन टाकतात. नव्या वाळूची गाळणी थर बसेपर्यंत नीट काम करत नाही. पुढच्या वर्षी हॅम्बुर्गने गाळणी सुरू केली, पण हजारो जीव गेल्यावर! पाण्याच्या योजनेवर खर्च वाचवला की त्याची वसुली कोणाच्या घरातून होते, हे या जमाखर्चात स्पष्ट दिसते.

गटारातला थर माणसे मारतो

आता जे लिहीत आहोत ते घरातल्या कर्त्या मुलांनी जरूर वाचावे. गटाराच्या पाइपात आणि शौचालयाच्या सेप्टिक टँकमध्ये हाच थर जाडजूड असतो. त्याच्या आतल्या भागात प्राणवायू नसतो. तेथे प्राणवायूविना जगणारे जंतू सांडपाण्यातील सल्फेट या क्षारापासून हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचा. थर आणि गाळ शांत असेपर्यंत बराच वायू त्यातच दबून राहतो. बांबूने ढवळले किंवा कोणी आत पाय टाकला की तो एकदम सुटतो.

हा वायू कपटी आहे. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला, तर नाकाची वास घेण्याची शक्तीच मारली जाते. माणसाला वाटते, वास गेला, आता धोका नाही. प्रत्यक्षात धोका वाढलेला असतो. प्रमाण हजार भागांपर्यंत गेले तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने चेंबरच्या तळाशी साठून राहतो. पहिला पडला म्हणून दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. एकाच टाकीत बाप-लेक, भाऊ-भाऊ गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या अशाच घडतात. ही दैवाची करणी नाही आणि कामगाराचा हलगर्जीपणाही नाही. हा कामावर लावणाऱ्याचा अपराध आहे.

माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूबद्दल वारसांना ३० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. हे आकडे पाठ करून ठेवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हजार-दोन हजार रुपयांसाठी कोणी मुकादम किंवा सोसायटीवाला "जरा उतर, दोन मिनिटांचे काम आहे" म्हणाला, तर साफ नकार द्या. यंत्र मागवायला सांगा. कोणी आत पडलाच, तर त्याच्या मागे उतरू नका. झाकणे उघडी करा, लोकांना दूर ठेवा आणि अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन करा. थांबणे कठीण असते, पण उतरल्याने दोन प्रेते होतात.

घरी काय करावे?

१) आठवड्यातून एक दिवस ठरवून पिंप, माठ, हंडे पूर्ण रिकामे करा. काथ्याने किंवा घासणीने, साबण लावून, आतून तळापासून काठापर्यंत घासा. प्लॅस्टिकच्या पिंपाला तारेची घासणी लावू नका; ओरखड्यांत जंतूंना आणखी जागा मिळते. नंतर धुऊन उन्हात कोरडे करा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या अंगाला चिकटलेली असतात आणि पाणी ओतून दिले तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. घासल्याने तीही जातात. पालिकेचे लोक 'कोरडा दिवस पाळा' म्हणतात ते याकरिता.

२) घासल्यानंतरच क्लोरीनचे औषध, आरोग्य सेविका सांगतील त्या प्रमाणात वापरा. ब्लिचिंग पावडर आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. विषारी वायू निघतो.

३) पाण्यात हात बुडवू नका. लांब दांड्याचे ओगराळे ठेवा किंवा तोटीचे भांडे वापरा.

४) नळाला येणारे पहिले पाणी वेगळ्या बादलीत धरा आणि ते मोरी-संडासाला वापरा. दोन-तीन दिवसांआड पाणी सुटते तेव्हा पाइपातला थर आणि गाळ पहिल्या धारेबरोबर येतो. कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथील अभ्यासात पहिल्या पाण्यात जंतू अधिक आढळले होते.

५) विहिरी-तळ्याचे पाणी असेल तर जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून गाळा. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांच्या अंगावर थर करून बसतात. किडे अडले की त्यांच्याबरोबर पुष्कळ जंतूही अडतात. बांगलादेशातील मतलब भागात ६५ गावांत हा प्रयोग झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, असे पाणी गाळणाऱ्यांत पटकी ४८ टक्क्यांनी कमी झाली. फडके दर वेळी धुऊन उन्हात वाळवा. पाणी उकळणे किंवा औषध टाकणे मात्र यामुळे टळत नाही.

शेवटी एक स्पष्ट बोलतो. वरची यादी वाचून घरातल्या पुरुषाने ती बायकोच्या हाती दिली आणि आपण पेपर वाचत बसला, तर या लेखाचा उपयोग नाही. शंभर-दोनशे लिटरचे पिंप आडवे करून घासणे हे ताकदीचे काम आहे. धुणी-भांडी, स्वयंपाक, कामावर जाणे, पाण्याच्या रांगेत उभे राहणे, हे सगळे उरकून ती तेही करते. रविवारी सकाळी पिंप घासण्याचे काम बाप आणि मुलांनी घ्यावे.

आणि हेही ध्यानात ठेवावे की, ज्यांच्या घरी चोवीस तास नळाला पाणी असते, त्यांना पिंप लागत नाही. आपल्याला दोन-दोन दिवसांचे पाणी साठवावे लागते, म्हणून आपल्या घरात थराला बसायला सवड मिळते. त्यात आपल्या माता-भगिनींच्या स्वच्छतेचा काही दोष नाही. तेव्हा पिंप घासू या, आणि रोज पुरेसे पाणी मिळावे म्हणून वॉर्ड ऑफिसला लेखी अर्जही देऊ या. अर्ज दोन प्रतींत लिहावा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. अर्ज कसा लिहावा ते ज्यांना हवे असेल, त्यांनी आम्हांला जरूर भेटावे.